सी-टू-डी, साडेतीनशे

मामांच्या कॉम्प्युटरवर अक्षर बोटामागून यायचं. ‘चि. सौ. कां.’ टाइप करून मामा चष्मा वर सरकवत पडद्याकडे बघायचे, तेव्हा तिथे ‘चि. सौ.’पर्यंतच मजल गेलेली असायची. उरलेलं ‘कां.’ मग एकदम टपकायचं. त्यात एखादी पत्रिका प्रिंटरकडे निघालेली असली आणि मागे अँटीव्हायरस गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह चाळत बसलेला असला, की माऊसचा बाणसुद्धा जागचा हलत नसे.

“नवा घ्या,” असं आम्ही भाचरांनी आळीपाळीने सांगून झालं होतं. पण गिरगावातल्या त्या दोन खणांच्या छापखान्यात तो कॉम्प्युटर टिकून आहे तो एका कुलपापायी. मराठी अक्षरजुळणीचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्या पाठीमागे पॅरलल पोर्टला लावलेल्या काडेपेटीएवढ्या लॉकशिवाय उघडत नाही. ते चालतं विंडोज एक्सपीवर, जोडीला पेजमेकर. बिलबुकं, पतपेढीचे अहवाल, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, म्हणून या मशीनला इंटरनेट लावायचं नाही एवढा एक नियम मी घालून दिला होता. मामा तो सोवळ्यासारखा पाळतात.

एका रविवारी पेटी उघडली. आत जी३१ चिपसेटचा बोर्ड, दोन जीबी डीडीआर-२ रॅम आणि पंख्याखाली सेलेरॉन ४२०. म्हणजे १.६ गिगाहर्ट्झ, ५१२ केबी कॅश आणि एकच कोअर. एकच कंपोझिटर, त्यानेच खिळे जुळवायचे, त्यानेच प्रूफ वाचायचं आणि फोन वाजला की तोही त्यानेच घ्यायचा. गडी आळशी नव्हता, एकटा होता.

बोर्डावरचं सॉकेट ७७५ जातीचं. इंटेलने ते २००४मध्ये आणलं आणि पेंटियम ४पासून कोअर टू क्वाडपर्यंत सगळे प्रोसेसर त्याच एका चौकोनात बसवले. पण बसतो म्हणून चालतोच असं नाही. नव्या पाहुण्याला हवी तशी वीज बोर्डाला पुरवता आली पाहिजे, आणि बोर्डाच्या बायॉसला त्याची ओळख पाहिजे. बोर्डाच्या यादीत कोअर टू ड्यूओ ई७५०० होता. मात्र त्याच्यापुढे बायॉसची जी आवृत्ती लिहिली होती ती मामांच्या बोर्डावर नव्हती. ग्यानबाची मेख इथे. बायॉस बदलायचं तर मशीन चालू हवं, म्हणजे ते जुना सेलेरॉन जागेवर असतानाच उरकायला हवं. आधी प्रोसेसर बदलला आणि पडदा काळा राहिला, तर चांगला प्रोसेसर मेलेला समजून माणूस परत करून येतो. असे ‘मेलेले’ मी दोन पाहिलेत.

बायॉस भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात वीज गेली तर बोर्ड दगड. शेजारून यूपीएस मागून आणला आणि एकाच मीटरवर आहे म्हणून ऑफसेट मशीन बंद ठेवायला लावलं. मामा हात बांधून पडद्यावरची पट्टी सरकताना बघत होते. पट्टी शंभरावर पोचेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण तिथे कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला जाणारा कुणी ते नाव घेत नाही. ऑपेरा हाऊसकडून चालत गेलं की दहा मिनिटं. जिन्याखालच्या एका टपरीवजा दुकानात प्रोसेसर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, सुपाऱ्या ठेवाव्यात तसे.

“सी-टू-डी चाहिये या ड्युअल कोर?” दुकानदाराने न बघता विचारलं.

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल, कारण दोन्हींत कोअर दोनच. पण या गल्लीत ‘ड्युअल कोर’ म्हणजे पेंटियम नावाचा स्वस्त भाऊ, आणि ‘सी-टू-डी’ म्हणजे कोअर टू ड्यूओ, कॅश जास्त असलेला. तिसऱ्या ट्रेमध्ये पेंटियम डी होते. दुकानदार त्यातला एक पुढे करत म्हणाला, “टू पॉइंट एट है, सस्ते में ले जाओ.” गिगाहर्ट्झच्या आकड्याला भुलायचं नाही ते इथे. २००५चा तो २.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम डी ९५ वॅट खातो, आणि काम मात्र त्याच्याहून कमी आकड्याचा कोअर टू ड्यूओ जास्त उपसतो. मामांच्या बिनखिडकीच्या खोलीत ती शेगडी मला नको होती.

ई७५०० हातात घेतला. झाकणावर लेसरने कोरलेलं एसएलजीटीई, आणि खाली २.९३ गिगाहर्ट्झ, ३एम, १०६६, ०६. यातलं ३एम म्हणजे तीन एमबी कॅश, १०६६ हा बोर्डाशी बोलण्याचा वेग. शेवटच्या ०६कडे कुणी बघत नाही, पण बोर्डाने वीज कोणत्या दर्जाची पुरवायची ते त्यात सांगितलेलं असतं; हा प्रोसेसर ६५ वॅटवाल्यांतला. उलटा करून पाहिला. सोनेरी ठिपके स्वच्छ, मधले बारीक कपॅसिटर जागच्या जागी. ७७५मध्ये पिना सॉकेटला असतात, प्रोसेसरला नाही, त्यामुळे ट्रेमध्ये कितीही खडखडला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. दुकानदाराने टेबलावरच्या उघड्या बोर्डात बसवून बायॉसमध्ये नाव दाखवलं. साडेतीनशे रुपये. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिला.

“वापरलेला? आणि साडेतीनशेचा?” मामांचा चेहरा पडला. सेकंडहँड ऑफसेट मशीन घेऊन त्यांनी एकदा चांगलेच हात पोळून घेतले होते. पण प्रोसेसरला झिजायला काही नसतं. बेअरिंग नाही, पट्टा नाही, रोलर नाही. बाजूने बोर्डाचे कपॅसिटर फुगतात, पंखे घरघरतात, हार्ड डिस्क टकटक करत प्राण सोडते, आणि हा चौकोन तसाच असतो. जुनी हार्ड डिस्क किंवा जुना एसएमपीएस मला कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही. जुना प्रोसेसर डोळे मिटून घेईन. म्हणजे एसएलजीटीई वाचून झाल्यावर मिटून.

बसवण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम केलं. वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते. ऊब लागली की सुटते. पंख्याच्या चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढल्या आणि हीटसिंक उचललं. त्याच्या पात्यांमध्ये कागदाच्या धुळीची गादी बसली होती, करड्या फेल्टसारखी. छापखान्यातली धूळ वेगळीच असते, तिला शाईचा चिकटपणा असतो. मामांनी तत्परतेने रोलर पुसायचं रॉकेलचं फडकं पुढे केलं. नको म्हटलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं.

तरफ सोडली, वरची पट्टी उघडली, सेलेरॉन उचलला आणि खालच्या पिना उघड्या पडल्या. ७७५ बारीक, वाकडी मान केलेल्या सोनेरी काड्या, शेतात वाऱ्याने एका अंगाला कललेल्या पिकासारख्या. माझ्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. मामांनी खणातून भिंग काढलं, ज्याने ते छपाईतले ठिपके एकावर एक बसलेत का ते बघतात. ते सॉकेटवर धरून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, “अरे, ही एक रजिस्टरमध्ये नाहीये.”

खरंच नव्हती. कडेची एक पिन शेजारणीकडे केसभर झुकलेली. आपोआप वाकत नाही ती. कधीतरी कुणीतरी प्रोसेसर काढताना बोट लावलं असणार. शिसं काढून टाकलेली ०.५ची पेन्सिल तिच्यावर अलगद घातली आणि श्वास धरून जरा मागे नेली. मामा भिंगातून सांगत होते, “अजून. अजून किंचित. बस!” चार रंग एकावर एक बसवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्या ‘किंचित’वर माझा पूर्ण विश्वास होता.

पुढचं भराभर झालं. खाचा जुळवून ई७५०० वरून ठेवला, दाबला नाही. तरफ खाली घेताना करकर आवाज येतो, दरवेळी काळजात चर्र होतं, आणि तो येणारच असतो. तांदळाएवढी पेस्ट, हीटसिंक, समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन खुंट्या आधी आणि मग उरलेल्या दोन. टक् असा आवाज चार वेळा.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

रॅम काढून पुसून लावली. काळाच. बायॉसची बॅटरी काढून घातली, तरी काळाच. मामा काही बोलले नाहीत, फक्त ते वर्तमानपत्राचं चिटोरं उचलून त्याची घडी घालू लागले. ते न बोलणं साडेतीनशेहून महाग होतं. वीस मिनिटांनी दिसलं: सॉकेटशेजारची चार पिनांची वीजजोडणी लोंबत होती. हात आत जाईना म्हणून मीच ती काढली होती. प्रोसेसरला वीज तिथूनच मिळते. ती नसली तरी पंखे आपले फिरत राहतात आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

एक्सपी सुरू झालं, नवीन हार्डवेअर सापडलं म्हणालं, रीस्टार्ट मागितला. नंतर टास्क मॅनेजर उघडला. जिथे एक आलेख असायचा तिथे दोन खिडक्या, दोन हिरव्या रेघा. लॉक ओळखलं गेलं. पतपेढीचा अहवाल उघडला, तोही न चिवडता. त्याची पीडीएफ व्हायला पूर्वी सात मिनिटं लागत, आता तीन. मुद्दाम प्रिंट सोडून, पेन ड्राइव्ह तपासायला लावून मामांना टाइप करायला बसवलं. ‘चि. सौ. कां.’ बोटाखाली उमटत गेलं. पेजमेकरला दुसऱ्या कोअरचा थेट उपयोग फारसा नाही, तो जुन्या वळणाचा. पण प्रिंटर आणि अँटीव्हायरस दुसऱ्याच्या गळ्यात पडले की पहिला मोकळा होतो. मशीन चालू व्हायला मात्र अजून पूर्वीइतकाच वेळ लागतो. तो हार्ड डिस्कचा प्रांत आहे आणि त्यात प्रोसेसर काही करू शकत नाही. मामांना त्याचं काही नाही. तेवढ्यात त्यांचा चहा होतो.

“हा विकला तर काय येईल?” त्यांनी सेलेरॉन चिमटीत धरून विचारलं.

“काही नाही. त्या गल्लीत फुकटही घेणार नाहीत.”

“पण चालतोय ना?”

“चालतोय.”

भिंतीला अजून खिळ्यांच्या दोन जुन्या केसेस आहेत, रिकाम्या. मामांनी सेलेरॉन पुसला, वर्तमानपत्राच्या त्याच चिटोऱ्यात गुंडाळला आणि एका खणात ठेवला. मग भिंग खणात टाकून ऑफसेट सुरू केलं. सकाळपासून दोनशे पत्रिका खोळंबल्या होत्या.