ग्राफ डेटाबेसमधील लेबलांचे संच

ग्राफ डेटाबेसमध्ये माहिती नोड आणि नोडांना जोडणारे संबंध या रूपात साठवतात. नोड कोणत्या प्रकारचा आहे, हे त्याच्या लेबलावरून कळते. एकाच नोडला ‘व्यक्ती’, ‘कर्मचारी’ आणि ‘ग्राहक’ अशी अनेक लेबले असू शकतात. त्यांना क्रम नसतो आणि एकच लेबल दोनदा लागत नाही. म्हणून तो संच ठरतो.

या संचाला दोन प्रश्न विचारले जातात: या नोडला कोणती लेबले आहेत, आणि हे लेबल कोणत्या नोडांना आहे? दोन्हींची उत्तरे झटपट हवी असतील, तर एकच मांडणी पुरत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोडच्या नोंदीतच ठेवता येते. जागा वाचावी म्हणून लेबलाच्या नावाऐवजी त्याचा क्रमांक लिहितात. निओफोरजे या डेटाबेसमध्ये लेबले 2013 साली, 2.0 या आवृत्तीत आली. त्याच्या पारंपरिक साठवणीत नोडची नोंद 15 बाइटांची असून त्यांतले 5 बाइट, म्हणजे 40 बिट, लेबलांसाठी असतात. लेबलांची संख्या वगैरे तपशिलासाठी 4 बिट जातात. उरलेले 36 सर्व लेबलांत सारखे वाटले जातात. लेबल एकच असेल तर त्याला सगळे 36 मिळतात, चार असतील तर प्रत्येकी 9. मात्र 9 बिटांत 511 पर्यंतचेच क्रमांक मावतात. एखादा क्रमांक मावला नाही, तर पूर्ण संच वेगळ्या फाइलमध्ये जातो आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता राहतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी उलटी सूची लागते. नोडांचे 64-64चे गट पाडून, प्रत्येक लेबलासाठी गटामागे 64 बिटांची एक ओळ ठेवतात. लेबल असलेल्या नोडचा बिट 1, बाकीचे 0. जिथे सगळेच बिट 0, ती ओळ साठवतच नाहीत. ‘कर्मचारी’ आणि ‘ग्राहक’ दोन्ही असलेले नोड हवे असतील, तर दोन ओळींवर ‘आणि’ ही एकच क्रिया 64 नोडांचा निकाल देते. 2024 मध्ये प्रमाणित झालेल्या जीक्यूएल या प्रश्नभाषेत लेबले ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडता येतात. तशा प्रश्नांना ही मांडणी सोयीची पडते. मात्र लेबल बदलले की नोंद आणि सूची दोन्ही एकाच व्यवहारात बदलाव्या लागतात.

तिसरा मार्ग म्हणजे लेबलांच्या प्रत्येक वेगळ्या संचालाच क्रमांक देणे. मग नोडजवळ एकच क्रमांक पुरतो. 10 लेबलांचे 1024 संच संभवतात; पण प्रत्यक्षात मोजकेच वापरात असतील, तर ही पद्धत सर्वांत आटोपशीर ठरते.