कार्टून, पण मुलांसाठी नव्हे

कार्टून लावून मुलांना टीव्हीपुढे बसवायचे आणि आपण कामाला लागायचे, ही घरोघरची रीत. ‘बॉम्बे रोझ’ मात्र मुले झोपल्यावर आईवडिलांनी पाहावा असा चित्रपट!

मोठ्यांसाठी हलती चित्रे आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. सत्यजित राय यांच्या लखनौवरील ‘शतरंज के खिलाडी’त (१९७७) डलहौसी एकेक राज्य चेरीसारखे गट्ट करतो, त्यात आपले नागपूर नि साताराही आहे. पण ते काही क्षणांपुरतेच.

मुंबईच्या गीतांजली राव जे. जे.च्या विद्यार्थिनी. त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’त एक एकाकी म्हातारी काड्यापेटीवरच्या चित्रांत शिरून भटकून येते. २००६ साली कान महोत्सवात या लघुपटाला तीन पारितोषिके मिळाली.

‘बॉम्बे रोझ’मधली कमला बालविवाहातून पळालेली. दिवसा गजरे करते, रात्री बारमध्ये नाचते. काश्मीरमधून आलेला सलीम कबरींवरची फुले उचलून विकतो. धर्म वेगळे, खिसे रिकामे. मग प्रेम करायचे कुठे? स्वप्नात! तिथे कमला राजकन्या होते आणि पडदा मोगल लघुचित्रांसारखा खुलतो. सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष खपून चौकट न् चौकट हाताने रंगवली. २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला. २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला.

कथा थोडी पसरते खरी. पण वृद्ध मिसेस डिसूझा रस्त्याने चालू लागतात, तसतसा गर्दीचा रंग उडत जातो आणि पन्नाशीच्या दशकातली कृष्णधवल मुंबई त्यांच्याभोवती उभी राहते.