बक, लिंडा ब्राउन
(२९ जानेवारी १९४७ – ). अमेरिकन तंत्रिकावैज्ञानिक. गंधाचे ग्रहण करणारी प्रथिने आणि घ्राणतंत्राची रचना यांविषयीच्या शोधांबद्दल त्यांना २००४ सालचे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक रिचर्ड ॲक्सेल यांच्यासमवेत विभागून मिळाले.

बक यांचा जन्म सिॲटल (वॉशिंग्टन राज्य) येथे झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातून मानसशास्त्र व सूक्ष्मजीवविज्ञान या विषयांची पदवी घेतल्यावर (१९७५) त्यांनी टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस येथील वैद्यकीय शाखेतून प्रतिरक्षाविज्ञानातील पीएच्.डी. संपादन केली (१९८०). न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेत काही वर्षे संशोधन केल्यानंतर त्या १९९१ मध्ये हार्व्हर्ड मेडिकल स्कूलमध्ये रुजू झाल्या व २००२ मध्ये सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात गेल्या.

रंग ओळखण्यास डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकू कोशिका पुरतात. नाकाला मात्र हजारो भिन्न रेणूंतील भेद कळतो. त्यासाठी किती प्रकारचे ग्राही लागतात, हे १९९० पर्यंत अज्ञात होते; एकही गंधग्राही निश्चितपणे हाती लागला नव्हता. बक यांनी शोधासाठी तीन गृहीतके धरली : गंधग्राही प्रथिनांचे एक मोठे कुल असावे, कोशिकापटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या ज्ञात ग्राहींशी त्यांचे साम्य असावे, आणि त्यांची जनुके घ्राणऊतकातच कार्यरत असावीत. या तिहेरी चाळणीतून उंदराच्या नाकात नवे जनुककुल सापडले. त्यातील १८ जनुकांचे वर्णन बक व ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. मूषकवर्गीय प्राण्यांत अशी सु. १,००० जनुके असल्याचे पुढे आढळून आले; माणसात त्यांपैकी सु. ४०० कार्यक्षम आहेत.

नाकातील प्रत्येक घ्राणकोशिकेत सामान्यतः एकाच प्रकारचा ग्राही असतो. एकच ग्राही असलेल्या हजारो कोशिका नासागुहेच्या अस्तरात विखुरलेल्या असतात. परंतु त्यांचे तंतू मेंदूच्या पुढील भागाखालील घ्राणकंदात ठराविक गुच्छांपाशी एकत्र येतात. हे बक आणि ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळांनी १९९४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. घ्राणकोशिका अल्पायुषी असून त्यांची जागा सतत नव्या कोशिका घेतात. तथापि नव्या कोशिकांचे तंतूही त्याच गुच्छांकडे जात असल्याने ओळखीचा गंध ओळखीचाच राहतो.

बक व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये गंधाच्या संकेतपद्धतीचा उलगडा केला. एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक ग्राहींना उद्दीपित करतो. म्हणून गंधाची ओळख एका ग्राहीवरून नव्हे, तर ग्राहींच्या समूहावरून होते. ४०० ग्राहींमधून केवळ तीन-तीनांचे गट केले, तरी ते एक कोटीहून अधिक होतात. रेणूत अल्पसा फरक झाला की गट बदलतो. ऑक्टॅनॉल व ऑक्टॅनॉइक अम्ल या दोहोंत आठ कार्बन अणूंची साखळी असते. फरक असतो तो तिच्या टोकाशी. पहिल्याचा वास संत्र्यासारखा गोडसर, तर दुसऱ्याचा घामट व खवट असतो. रेणूंचे प्रमाण वाढल्यास आणखी ग्राही उद्दीपित होतात. जाई-मोगऱ्यात आढळणारे इंडोल अल्प प्रमाणात फुलांचा आणि अधिक प्रमाणात विष्ठेचा वास देते, त्याचे कारण यात शोधता येते.

घ्राणकंदातील संदेश प्रमस्तिष्काच्या घ्राणबाह्यकाकडे जातात. तेथील मांडणीविषयी बक यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष पुन्हा पडताळता आले नाहीत. म्हणून तो निबंध २००८ मध्ये मागे घेण्यात आला. २००५ व २००६ सालचे आणखी दोन निबंध २०१० मध्ये याच कारणास्तव मागे घेतले गेले. नोबेल पारितोषिकाचा आधार असलेले ग्राहींविषयीचे शोध यांपासून वेगळे असून ते इतर प्रयोगशाळांच्या कामानेही दृढ झाले आहेत. ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखविले की, घ्राणबाह्यकाच्या मुख्य भागात एकेका गंधाने उद्दीपित होणाऱ्या कोशिका विखुरलेल्या असतात. घ्राणकंदातील सुबक क्रम तेथे उरत नाही. यावरून अनेक गंधांचा अर्थ अनुभवाने ठरत असावा, असे मानले जाते.

काही प्रतिसाद मात्र उपजत असतात. भक्षक प्राण्याचा वास येताच उंदराच्या रक्तातील ताणसंबंधित हॉर्मोने वाढतात. या प्रतिसादात घ्राणबाह्यकाचा एक अगदी लहान भाग महत्त्वाचे कार्य करतो, असे बक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. नाकात गंध कसा टिपला जातो, हे अशा रीतीने बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे. त्या संकेतांपासून मेंदूत एकसंध गंधाची जाणीव कशी घडते, याचे संशोधन चालू आहे.