शर्यतीच्या दिवशी जादा बळ येतं कुठून?

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ पहिल्यांदा झाली आणि पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या सायकल ग्रुपमध्ये ट्रायथलॉन हा शब्द घरचा झाला. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून ९० किलोमीटर कापायचे आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून ७०.३ मैल, म्हणून हे नाव. यात उतरणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून पहाटे सराव करणारे. त्यांच्याशी बोललं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. सरावात ज्या वेगाला धाप लागते, तोच वेग शर्यतीत सहज वाटतो. घड्याळावर हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा जास्त दिसतात, पण अंगाला ते जाणवत नाहीत. मग प्रश्न पडतो : हे बळ होतं, तर रोज कुठे होतं? सरावात आपण अंग चोरत होतो का?

प्रश्न सव्वाशे वर्षांचा जुना आहे आणि तो सायकलवरूनच आला. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या संशोधकानं सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या. एकट्यानं घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबतीला किंवा स्पर्धेला कुणी असलेला सायकलपटू वेगानं जातो, हे त्याला दिसलं. पण पुढे कुणी असलं की वारा कमी लागतो. मग वेग मनामुळे वाढला की वाऱ्यामुळे? म्हणून त्यानं वाऱ्याचा संबंधच नसलेलं काम शोधलं : मासे धरायच्या गळाचं रीळ फिरवणं. ४० मुलांना त्यानं ते कधी एकेकट्यानं, तर कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी उभं राहून फिरवायला लावलं. १८९८ मध्ये हा अभ्यास छापून आला. शेजारी स्पर्धक असताना २० मुलांचा वेग वाढला, दहा मुलांच्या वेगात फारसा फरक पडला नाही आणि उरलेल्या दहा मुलांचा हात चक्क मंदावला. जिंकण्याच्या उत्साहात ती इतकी ताणली गेली की रिळाची लयच बिघडली. या प्रयोगाचं नाव निघालं की पहिल्या वीस मुलांचीच आठवण निघते. मला मात्र त्या शेवटच्या दहांबद्दल जास्त कुतूहल वाटतं, कारण ट्रायथलॉनमध्ये त्यांची संख्या कमी नसते.

‘सगळा जोर लावला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो खरोखर सगळा असतो का, याची तपासणी १९६१ मध्ये मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाऊस यांनी केली. कोपरातून हात वाकवून जास्तीत जास्त जोर लावायचा, एवढंच काम. मध्येच पाठीमागे अचानक पिस्तुलाचा बार काढला की त्यानंतरच्या प्रयत्नात जोर वाढायचा. जोर लावताना मोठ्यानं ओरडायला सांगितलं, तर आणखी वाढायचा. स्नायू तेच, माणूस तोच. आधीचा ‘सगळा जोर’ म्हणजे मेंदूनं मंजूर केलेला जोर होता. आपल्या पैलवानांना, ओझं उचलणाऱ्या हमालांना हे प्रयोगाविना ठाऊक आहे. ते उगाच आरोळी देत नाहीत.

दमण्याचंही तसंच. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दहा रग्बी खेळाडूंना जागेवरच्या सायकलवर बसवलं आणि सरासरी २४२ वॅट इतकी शक्ती टिकवत, पाय थांबेपर्यंत पॅडल मारायला सांगितलं. दहा-बारा मिनिटांत एकेक जण थांबला : आता एक फेराही शक्य नाही. त्याच क्षणी त्यांना सांगितलं, फक्त पाच सेकंद, जीव तोडून मारा. पाय संपलेल्या त्या मंडळींनी सरासरी ७३१ वॅट काढले, म्हणजे जे टिकवता येईना त्याच्या तिप्पट. मार्कोरांचं म्हणणं असं की, माणूस थांबतो तो बहुतेक वेळा स्नायू रिकामे झाले म्हणून नाही. हे काम किती जड वाटतंय आणि त्यासाठी आपण किती सोसायला तयार आहोत, यांचा हिशेब जुळेनासा झाला की तो थांबतो. शर्यतीच्या दिवशी गर्दी, क्रमांक, भरलेली फी आणि किनाऱ्यावर आलेलं घर या हिशेबाची दुसरी बाजू एकदम वाढवतात. सगळे शरीरशास्त्रज्ञ हे जसंच्या तसं मान्य करत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी मेंदूतल्या लगाम खेचणाऱ्या यंत्रणेची कल्पना मांडली, तर काहींचा भर अजूनही स्नायूंतल्या रसायनांवर आहे. पण सरावात आपण काही शिल्लक राखतो आणि शर्यतीत त्यातली थोडी खर्च करतो, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

थोडी म्हणजे किती, हा खरा प्रश्न. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात नऊ सरावलेल्या सायकलपटूंना चार किलोमीटरची शर्यत पडद्यावरच्या एका चित्राशी लावायला सांगितली. हे तुमच्याच आधीच्या सर्वोत्तम प्रयत्नाचं चित्र आहे, अशी त्यांची समजूत करून दिली होती. प्रत्यक्षात ते चित्र दोन टक्के जास्त शक्तीनं पळत होतं. त्या फसवणुकीच्या जोरावर खेळाडू स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा लवकर पोहोचले. ही जादा शक्ती मुख्यतः शेवटच्या टप्प्यात आली आणि ती प्राणवायूविना ऊर्जा देणाऱ्या साठ्यातून आली.

इथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली, खेळाडूंना मिळालेली आघाडी लहान होती. दुसरी, ती सहाएक मिनिटांच्या शर्यतीत मिळाली. प्राणवायूविना चालणारा तो साठा काही मिनिटांत संपतो. गोव्यातल्या शर्यतीला हौशी माणसाला सहा-सात तास लागतात. तिथे तो साठा म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाटीभर श्रीखंड.

थोडं गणित करू. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बरीचशी शक्ती हवा कापण्यात जाते, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सरावात ताशी ३० किलोमीटरनं जाणारा माणूस शर्यतीच्या उत्साहात ३३ नं निघाला, तर वेग दहाच टक्के वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी. दोन टक्के जादा शक्तीनं ९० किलोमीटरमध्ये मिनिट-सव्वा मिनिट वाचतं. ३३ चा वेग मेंदूच्या कुठल्याही शिलकीत बसत नाही. तो उधारीवर असतो आणि वसुली धावताना होते. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरींचा. वेग वाढवला की शरीर चरबीऐवजी हाच साठा जास्त वापरतं. भर घालावी म्हटलं, तर आतडी एका प्रकारची साखर तासाला साठेक ग्रॅमच शोषू शकतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून दिलं, तर सवय असलेल्या माणसात हा आकडा ९० पर्यंत जातो. जोर फार वाढवला की रक्त पोटाकडून पायांकडे वळतं आणि तेवढंही पचत नाही. पंधराव्या किलोमीटरला चालत निघालेल्या कितीतरी जणांची शर्यत खरं तर सायकलच्या पहिल्या तासातच हातची गेलेली असते.

शर्यतीच्या दिवशी हलकं वाटण्यात मनाखेरीज एक साधं कारणही असतं. आपण विश्रांती घेतलेली असते. आधीचे दोन आठवडे सरावाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आणणं, पण मधून मधून वेगाचे छोटे तुकडे ठेवणं, याला खेळाडू टेपर म्हणतात. लॉरां बोस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दोन आठवडे आणि ४१ ते ६० टक्के कपात हेच सगळ्यात फायद्याचं निघालं. त्यामुळे ‘शर्यतीत दैवी बळ आलं’ असं सांगणाऱ्याला विचारावं, शेवटचे पंधरा दिवस झोप किती झाली होती?

मग रोजचा सरावच शर्यतीसारखा का करू नये? मोबाइलवर प्रत्येक चढाचा विक्रम लागायला लागल्यापासून अनेकांचा तसाच प्रयत्न असतो. सिंहगडाच्या घाटात रविवारी सकाळी उभं राहिलं की हे दिसतं. उलट, स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तर दहापैकी साधारण आठ सत्रं गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाची होती. उरलेली मात्र खरोखर कठीण. हौशी माणूस बरोबर मधलं गाठतो : सावकाश दिवशी जरा जास्त, कठीण दिवशी जरा कमी. कारण आदल्या दिवसाचा थकवा उतरलेलाच नसतो. शर्यतीत उघडायची शिल्लक रोज उघडली, तर शर्यतीच्या दिवशी उघडायला काही राहत नाही. सरावात शर्यतीसारखं करायचं ते दुसरंच : तेच जेल, तेच पाणी, तीच न्याहारी, दुपारचं ऊन, सायकलवरून उतरून लगेच धावणं.

आता त्या दहा मुलांकडे. लगाम सैल होण्याची किंमत कधी कधी वेळेपेक्षा मोठी असते. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोत कोझुमेलला जॉनी ब्राउनली शर्यतीत पुढे होता. शेवटच्या किलोमीटरमध्ये उष्म्यानं त्याचे पाय वाकडे पडू लागले. मागून आलेल्या थोरल्या भावानं, ऑलिंपिक विजेत्या अ‍ॅलिस्टरनं, त्याला खांद्याला धरून आणलं आणि रेषेपलीकडे लोटलं. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन जिंकला. बंधुप्रेमाची ती चित्रफीत जगभर फिरली. अ‍ॅलिस्टर मात्र नंतर भावावर चिडून बोलला की, यानं वेग नीट राखला असता तर हाच जिंकला असता. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. मेंदू वेग कमी करायला सांगत असतो आणि जिद्द ते ऐकू देत नाही. सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, लडखडू लागला, तर ‘जिद्द सोडू नकोस’ म्हणून टाळ्या वाजवू नका. तो उष्माघात असू शकतो. आधी बर्फाच्या पाण्यानं त्याला थंड करायचं आणि मग रुग्णालयात हलवायचं, हा क्रम डॉक्टर सांगतात.

ट्रायथलॉनमधला सगळ्यात धोक्याचा भाग मात्र ऊन चढायच्या आधीचा असतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या शर्यतींमधले अचानक मृत्यू, हृदय बंद पडण्याचे प्रसंग आणि अपघाती मृत्यू यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. एकूण १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या. सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास, ८५ टक्के पुरुष. शवविच्छेदनाचे अहवाल मिळालेल्या ६१ जणांपैकी २७ जणांना हृदयाचा दखलपात्र विकार होता. लाख स्पर्धकांमागे १.७४ हे प्रमाण कमीच आहे, पण वयाचा आणि लिंगाचा तो आकडा आपल्या सायकल ग्रुपच्या फोटोशी ताडून पाहावा. पोहण्याची सुरुवात म्हणजे धडधडतं हृदय, लाथा-बुक्क्यांची गर्दी, तळ न दिसणारं पाणी आणि रोखून धरलेला श्वास, हे सगळं पहिल्या काही मिनिटांत. चाळिशी उलटलेल्यानं, घरात हृदयविकार असलेल्यानं किंवा चढावर छातीत दाब जाणवलेल्यानं नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना भेटावं. ‘मी तर रोज शंभर किलोमीटर करतो’ हे तपासणी टाळायचं कारण नव्हे.

सुरुवातीला घोळक्याच्या कडेला राहावं आणि पाण्यात श्वास पूर्ण सोडावा. घाबरं झालं, छातीत काही वेगळं वाटलं, तर उताणं होऊन हात वर करावा. जीवरक्षकाची कयाक येते. ती धरून कितीही वेळ थांबायला नियमानं परवानगी आहे, त्यासाठी कुणी बाद होत नाही. फक्त तिला धरून पुढे सरकायचं नसतं.