विश्लेषण : वडिलांची हत्यारे आहेत, नवे घरही घ्यायचे आहे... पण रंधा चालवायचा कुठे?

खंडेनवमीला पेटी उघडते. रंधा, पटाशी, वाकस, करवत, गुण्या यांना हळदकुंकू लागते आणि दसरा सरला की पेटी पुन्हा माळ्यावर जाते. सुतारकाम करणारे वडील गेले, मुले नोकरीला लागली, तरी ही हत्यारे मोडीत घालायला हात धजत नाही. स्वतःचे घर घेताना तिथेच छोटी कार्यशाळा मांडावी, असा विचार मग मनात येतो. हत्यारे वारशाने मिळतात, जागेसाठी मात्र सारी बचत लागते. म्हणूनच टोकन देण्याआधी पुढील गोष्टी तपासणे गरजेचे आहे.

हत्यारे नेमकी कोणाची?

वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, यांचा समान वाटा असतो. हत्यारांनाही हाच नियम लागू होतो. त्यांची सातबाऱ्यासारखी नोंद कुठेच नसते, त्यामुळे पुढे रुसवेफुगवे होतात. साध्या कागदावर यादी करून सर्व भावंडांच्या सह्या घ्याव्यात. बहिणीला आठवण म्हणून एखादा रंधा हवा असेल तर तो आधीच द्यावा. वारशाने मिळालेल्या वस्तूंवर भारतात वारसा कर नाही. इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली.

फ्लॅट घ्यावा की जमिनीवरचे घर?

छंद म्हणून स्टूल किंवा चौकट करायची असेल, तर फ्लॅटची बाल्कनीही पुरते. ऑर्डर घेऊन काम करायचे असेल तर प्रश्न बदलतो. निवासी सदनिकेचा वापर बदलण्यासाठी सोसायटी आणि स्थानिक नियोजन प्राधिकरण, दोघांचीही परवानगी लागू शकते. ‘नंतर बघू’ असे विक्रेता म्हणाला तरी सोसायटीचे उपविधी आधी वाचावेत. पार्किंगच्या जागेत कार्यशाळा मांडता येईल, हे गृहीत धरू नये.

तळमजला किंवा रो-हाऊस सोयीचे. प्लायवूडची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची असते. ती फाटकातून आत येते का, बोळात वळते का, हे मोजपट्टी घेऊन पाहावे.

आवाज आणि विजेचे काय?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हातरंध्याचा त्रास सहसा होत नाही, पण यंत्राची करवत भिंतीपलीकडे सहज ऐकू जाते.

घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवला आणि तो मंजूर वापरात बसत नसेल, तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. त्यामुळे वीज कंपनीकडे आधीच चौकशी करावी. अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबी हवाच.

कोणती कागदपत्रे पाहावीत?

जुने घर असेल तर मागील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. स्वतंत्र घर असेल तर जमिनीची अकृषिक परवानगीही. मागे उभारलेली पत्र्याची शेड ‘कार्यशाळा’ म्हणून दाखवली जात असेल, तर ती मंजूर नकाशात आहे का ते विचारावे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

गंजलेली हत्यारे वापरता येतील?

बहुतेकदा येतात. लोखंडी भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवावा, तारेच्या ब्रशने घासून धुवावा, लगेच कोरडा करून तेलाचा हात द्यावा. मग निसण्यावर धार लावावी. तडा नसेल तर जुनी लाकडी मूठ बदलू नये. जुने विजेचे ड्रिल मात्र इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय सुरू करू नये.

लाकडाच्या बारीक भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक मानले आहे. मास्क आणि खेळती हवा आवश्यक. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

सरकारी मदत मिळते का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. पण लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो आणि अर्जदार प्रत्यक्ष तो व्यवसाय करणारा असावा लागतो. केवळ वारशाने हत्यारे मिळाली, हे पुरेसे नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते.

मग घाई करावी का?

तेलाचा हात दिलेली पटाशी आणखी एक पावसाळा पेटीत राहू शकते. घराचे हप्ते मात्र पंधरा-वीस वर्षे भरावे लागतात. परवानगीचे उत्तर लेखी हाती आले, की मगच टोकन द्यावे.