गुंतागुंत आजाराची नव्हे, पुराव्याची

फी घेऊन केलेल्या उपचारांत कसूर झाली तर रुग्णाला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केले. मात्र तज्ज्ञांची साक्ष लागणारी गुंतागुंतीची प्रकरणे दिवाणी न्यायालयाकडे पाठवता येतील, अशी मुभाही त्याच निकालात ठेवली. पण फाइल जाड आहे किंवा आजार दुर्धर आहे, एवढ्याने प्रकरण गुंतागुंतीचे ठरत नाही. भलताच पाय कापला किंवा पोटात बोळा राहून गेला, तर शस्त्रक्रिया कितीही अवघड असो, चूक उघड असते. उलट साध्या तापातही आधी कोणती तपासणी करायला हवी होती यावर तज्ज्ञांतच दुमत असेल, तर निवाडा खरोखर अवघड.

ग्राहक न्यायालयाच्या, म्हणजेच ग्राहक आयोगाच्या, झटपट सुनावणीत डॉक्टरवर अन्याय होईल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण आयोग तज्ज्ञांचे मत मागवू शकतो, गरज पडल्यास उलटतपासणीही घेऊ शकतो. म्हणून निव्वळ गुंतागुंतीची सबब सांगून तक्रारदाराला परत पाठवू नये, असे 2002 मध्ये जे. जे. मर्चंट खटल्यात ठरले. तेव्हा प्रश्न एकच उरतो: नोंदी आणि साक्षी यांवरून आयोगाला सत्य ठरवता येते का? येत असेल, तर रुग्णाला दुसऱ्या दारी धाडण्याचे कारण नाही.