भिंतीतल्या वायरची तब्येत

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की घराघरांतून एक तक्रार ऐकू येते. बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, नाहीतर ईएलसीबी सारखी पडते. वायरमन येतो, टेस्टर लावून पाहतो, दोन स्क्रू आवळतो. फारच झाले तर ईएलसीबीला वगळून वायर थेट जोडून देतो. दिवे लागतात, सगळे खूश. पण आता त्या घरात कोणाला शॉक बसला, तर वीज तोडणारे काहीच उरलेले नसते.

नेमके बिघडलेले काय असते? तांब्याच्या तारेवर पीव्हीसीचे आवरण असते. वीज तारेतूनच जावी, भिंतीत शिरू नये, ही जबाबदारी त्या मिलिमीटरहूनही पातळ आवरणाची. उष्णतेने ते कडक होते, पाइपातून वायर ओढताना खरचटते, उंदीर कुरतडतात. जुन्या वाड्यांत लाकडी पट्ट्यांवर रबरी वायर असत; त्यांचे रबर तर हात लावताच गळून पडते. उन्हाळ्यात हे सारे खपून जाते, कारण कोरडी भिंत वीज फारशी वाहून नेत नाही. ओल शिरली की त्याच चिरेतून वीज झिरपू लागते.

हे झिरपणे टेस्टरला कळत नाही. न्यूट्रल वायर भिंतीला टेकली असेल तर तो पेटतदेखील नाही. मल्टिमीटरची बॅटरी जेमतेम नऊ व्होल्टची, तेवढ्या दाबाने कच्चा भाग उघडा पडत नाही. त्यासाठी मेगर लागतो. हे मुळात एका ब्रिटिश उपकरणाचे नाव, १९०३ साली नोंदलेले. आता सगळ्याच कंपन्यांच्या अशा मीटरला आपण मेगर म्हणतो. जुना मेगर हँडल फिरवून चालतो, नवा बॅटरीवर. घरगुती वायरिंगवर तो ५०० व्होल्टचा डीसी दाब देतो आणि आवरणाचा रोध मेगाओममध्ये, म्हणजे दशलक्ष ओहममध्ये, दाखवतो.

चाचणी घाईची नव्हे. आधी मेन स्विच बंद करून वीज खरोखर बंद झाल्याची खात्री करायची. प्लग उपसायचे, बल्ब-ट्यूब काढायच्या, न्यूट्रल सोडवायची, मात्र बटणे चालू ठेवायची. मग फेज व अर्थ, न्यूट्रल व अर्थ, फेज व न्यूट्रल अशी तीन मापे घ्यायची. इन्व्हर्टर किंवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जोडलेला राहिला तर ५०० व्होल्टने तो जळूही शकतो. म्हणून हे काम परवानाधारक माणसानेच करावे.

आकडा किती हवा? जुन्या वायरमन मंडळींना एक सूत्र पाठ असते: पन्नासला पॉइंटच्या संख्येने भागा, तितके मेगाओम हवेत, मात्र पूर्ण घरासाठी एक मेगाओमहून अधिकाची सक्ती नाही. एक मेगाओमला २३० व्होल्टवर झिरपणारी वीज पाव मिलिअँपिअरहूनही कमी असते. घरातली ईएलसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरची. म्हणजे ती पडेपर्यंत गळती कितीतरी पटींनी वाढलेली असते. मेगर ती खूप आधी दाखवतो. नवे वायरिंग शेकडो मेगाओम दाखवते. मे महिन्यात पन्नास आणि जुलैत अर्धा असा आकडा आला, तर भिंतीत पाणी कुठून येते ते आधी शोधावे. वायर बदलूनही गळके छत तसेच राहिले, तर पैसे वाया जातात.

दोष सापडवायला एकेक सर्किट सोडवून मोजतात. कित्येकदा वायरिंग निर्दोष निघते आणि गुन्हेगार असतो गीझर. त्याच्या एलिमेंटमधली पांढरी भुकटी दमटपणा ओढून घेते. म्हणून गीझर वेगळा तपासावा.

आणखी एक. मेगरचा आकडा उत्तम आला म्हणून अर्थिंग चांगले आहे असे होत नाही. खड्ड्यातली अर्थिंग प्लेट गंजली असेल, तर मेगरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर निराळा असतो. त्याच फेरीत तोही आणायला सांगावा आणि दोन्ही आकडे तारखेसह मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून घ्यावेत.